पुढे ढकलण्याचं पंचांग

दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराची दाढ ठणकायला लागली आणि नाशिकला जाऊन ती दाखवायची असं त्याने आश्विनात ठरवलं, तर पुढे काय होतं ते पाहण्यासारखं असतं. आश्विनात बागेची छाटणी, म्हणून दाढ दिवाळीनंतर. दिवाळी उरकेपर्यंत घड बाहेर पडलेले असतात. मग घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, मग विरळणी, म्हणजे दाढ थंडीनंतर. थंडीत दात जास्तच ठणकतात, तेव्हा त्यांना उगाच छेडू नये, असं घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. फेब्रुवारीत खुडा सुरू, व्यापारी दारात. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर यात्रा आणि इकडे खरड छाटणी. वैशाखात लग्नं, आणि पंगतीला दाढ लागते, ती ऐन वेळी दुरुस्तीला कशी काढायची? मृग लागला की पावसाचा घोर. श्रावणात उपासांमुळे दाढेला तसंही काम कमी. मग पोळा, मग गणपती. पितृपक्षात नवं काम काढायचं नसतं. नवरात्रात वणीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. घट उठतात, आणि आश्विनातली छाटणी पुन्हा दारात उभी.

हे पंचांग कुठल्याही प्रेसमध्ये छापलं जात नाही, पण तालुक्यात ते सर्वांना तोंडपाठ आहे. त्यात अधिक मास आला, की टाळायला तीस दिवस वरून मिळतात.

एवढ्यावरून दिंडोरीकर आळशी, असा निकाल कुणी देत असेल तर त्याने ऑक्टोबरातल्या एखाद्या पहाटे मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर यांपैकी कुठल्याही शिवारात उभं राहून पाहावं. दाढ वर्षभर पुढे ढकलणारा हाच माणूस अंधारात बॅटरी घेऊन बागेत फिरत असतो. गोडी छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची ती दोन दिवसांच्या आत. तिसऱ्या दिवशी लावू, असं कुणी म्हणत नाही. मणी तीन-चार मिलिमीटरचे झाले की जीए या संजीवकाची एक डिप, सहा-सात मिलिमीटरला दुसरी. मणी काही कुणाच्या साडूच्या गृहप्रवेशासाठी पाच मिलिमीटरवर थांबून राहत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळीला आधी शब्द दिला नाही, तर टोळी शेजारच्या बागेत गेलेली असते आणि मग शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं.

फुलोऱ्यात पाऊस झाला तर मग विचारायलाच नको. पानं काही तास ओली राहिली की डावणी, म्हणजे वेलीवरचा रोग, कामाला लागते. ती आश्विन पाळत नाही, पितृपक्ष पाळत नाही, रात्रीचे अकरा वाजलेत हेही बघत नाही. म्हणून रात्री अकरा वाजता ट्रॅक्टरचे दिवे लावून ब्लोअर चाललेले दिसतात. ज्या माणसाला बायको दीड वर्षं बाथरूमचा नळ बदलायला सांगते आहे, तो बागेत पावसानंतर दीड तासही वाया घालवत नाही.

तालुक्याचा पूर्वेतिहासही असाच झटपट आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. ३ तारखेला ते सुरतेत होते आणि १७ तारखेला वणी-दिंडोरीच्या मैदानात मोगलांच्या दाऊदखानाशी लढून जिंकलेही होते. सगळा खजिना बरोबर, मागे मोगल, पुढे घाट, आणि हे सगळं दोन आठवड्यांत. 'एवढी दिवाळी होऊन जाऊ द्या, मग बघू' असं सैन्यातलं कुणी म्हणाल्याची नोंद नाही.

मग एकाच माणसाच्या अंगात दाऊदखानावर चालून जाणारा सरदार आणि नळ न बदलणारा नवरा असे दोघे कसे काय नांदतात?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं: बागेत नुकसान लगेच दिसतं, नळाचं दिसत नाही. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. खरड छाटणीचं उदाहरण घ्या. ती होते एप्रिलमध्ये, रणरणत्या उन्हात. त्यानंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात काडीतल्या डोळ्यांत पुढचा घड बांधायचा की नुसती वेल वाढवायची, याचा निर्णय होऊन जातो. तो घड हातात येतो पुढच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे कामात आणि पैशात जवळपास दहा महिन्यांचं अंतर. समोर व्यापारी नाही, वेलीवर एक मणी नाही, पावसाची धास्तीही अजून नाही. चालढकलीला यापेक्षा सुपीक जमीन शोधून सापडणार नाही. तरीही ते काम तालुक्यात कुणी टाळत नाही.

कारण ते काम 'पुढच्या वर्षीचं पीक' अशा अवाढव्य नावाने कुणाच्या समोर येतच नाही. ते येतं आज या चार ओळींतली फेलफूट काढायची, उद्या त्या चार ओळींतला शेंडा मारायचा, परवा सबकेन बघायची, अशा तुकड्यांत. सकाळचा चहा झाला की बागेत एक चक्कर, येताना ठिबकच्या फिल्टरवर एक नजर, वाटेत कुठे नळी चोंदली असेल तर तिचं टोक उघडून पाणी सोडायचं. याला तिथे कुणी शिस्त म्हणत नाही, संकल्प तर मुळीच नाही. चक्कर मारली नाही तर सकाळ झाल्यासारखं वाटत नाही, एवढंच.

नळाचं दुखणं वेगळं आहे. 'नळ बदलणे' हे ऐकायला एक काम वाटतं, पण त्यात दुकान शोधणं, मापाचा नळ आणणं, पान्हा कुणाकडे आहे ते आठवणं, तो ज्याच्याकडे आहे त्याच्याशी डिपिंगच्या टोळीवरून बिनसलेलं असणं, आणि शेवटी प्लंबरला फोन करणं अशी पाच कामं दडलेली असतात. प्लंबरचंही स्वतःचं पंचांग असतं.

या दुखण्याने मोठमोठ्यांना पछाडलं आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ तरुणपणी वर्षभर भारतात राहत होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ त्यांना भेटायला आले आणि परत जाताना सामानाच्या मर्यादेमुळे कपड्यांचं एक खोकं मागे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवायचं होतं. इथला कारभार संथ आणि आपणही अशा कामात बावळट, तेव्हा अख्खा दिवस मोडणार, असा अकरलॉफ यांचा हिशोब होता. मग रोज सकाळी ते उठत आणि खोकं उद्या पाठवायचं असं ठरवत. असे आठ महिन्यांहून अधिक दिवस गेले. शेवटी दुसरा एक मित्र बरंच सामान घेऊन अमेरिकेला निघाला, त्याच्या सामानात हे खोकं घुसवलं गेलं. म्हणजे शेवटपर्यंत त्यांनी ते स्वतः पाठवलंच नाही.

पण अर्थशास्त्रज्ञाचं काही वाया जात नाही. १९९१ साली अकरलॉफ यांनी या खोक्यावरून चालढकलीवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आजचा त्रास डोळ्यांसमोर ठळक असतो, म्हणून तो उद्याच्या त्रासापेक्षा मोठा दिसतो. एका दिवसाच्या उशिराने होणारं नुकसान अगदी किरकोळ असतं. त्यामुळे रोजच्या रोज पाहिलं तर काम उद्यावर टाकण्यात शहाणपणच वाटतं, आणि अशा शहाणपणाचे दोनशे दिवस एकापुढे एक ठेवले की मूर्खपणा तयार होतो. पुढे २००१ साली अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ या दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मायकेल स्पेन्स हे तिसरे. खोक्यावरून मैत्री तुटली नाही, हे दिंडोरीच्या भाऊबंदकीत आवर्जून सांगण्यासारखं आहे.

सरकारचं म्हणाल तर सरकारने चालढकलीवर सरळ कायदाच केला. महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांवर २००५चा अधिनियम आला. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. नेहमीची फाइल कुठल्याही कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, तातडीची चार दिवसांत आणि अतितातडीची शक्यतो त्याच किंवा दुसऱ्या दिवशी निघावी, असं तो सांगतो. कायदा अमलात आला १ जुलै २००६ पासून. त्यातल्या विलंबाला प्रतिबंध करणारे नियम निघाले २०१३ साली. उशीर होऊ नये म्हणून नियम करायचे होते, तेव्हा घाई करून चालणार नव्हतं.

पण सरकारदरबारीच त्याआधी एक इलाज झाला होता, आणि तो नाशिकच्या शेजारीच. १९८० च्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी टेबलावरच्या कागदांची सहा गठ्ठ्यांत वाटणी करायला लावली: प्रलंबित, म्हणजे आपल्यालाच करायचं आहे ते, प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडलेलं, नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचं, आणि नष्ट करायचं. 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला आणि सहा गठ्ठे पद्धत सरकारी प्रशिक्षणात आजही शिकवली जाते. तिच्यात क्रांतिकारक काही नाही. आलेला कागद कुठल्या गठ्ठ्यात जातो एवढंच त्या क्षणी ठरवायचं. पण ते ठरवताना लक्षात येतं की समोरच्या ढिगातलं स्वतः करायचं काम वाटलं होतं त्याहून बरंच कमी आहे. बाकीचा ढीग नुसता घाबरवायला बसलेला होता.

घरातल्या कपाटावर हा प्रयोग करून बघावा. त्यात लग्नपत्रिकांचा एक सातवा गठ्ठा निघेल, त्यातल्या दोन-तीन जोडप्यांची मुलं आता दहावीला असतील.

सवयीची खरी परीक्षा मात्र बागेतच होते, आणि तीही वहीत. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी अपेडा या निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेटवर असावी लागते आणि कुठलं औषध कधी, किती मारलं, काढणीआधी किती दिवस थांबलो, याची नोंद ठेवावी लागते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि बागायतदारांना जबर फटका बसला. तेव्हापासून या वहीचं वजन वाढलं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीत खोक्यावरच्या कोडवरून माल कुणाच्या बागेतला ते सांगता येतं. म्हणजे हॅम्बुर्गमध्ये एखाद्या आजीबाईंना मणी खटकला, तर धागा दिंडोरीतल्या ओळीपर्यंत पोचू शकतो.

आता ही वही दोन प्रकारांनी लिहिली जाते. पहिल्या प्रकारात तपासणीचा फोन आल्यावर रात्री जेवणं उरकून घरातल्या सगळ्यात चांगल्या अक्षराच्या मुलीला बसवतात. वडील आठवून सांगतात, मुलगी लिहिते. पाच महिन्यांच्या नोंदी एकाच निळ्या शाईत, एकाच वळणात उतरतात. हवामानाच्या रकान्यात सलग चाळीस दिवस 'ढगाळ'. नंतर मुलगी कंटाळते आणि सलग चाळीस दिवस 'निरभ्र'. तपासायला येणारा माणूस पान उलटतो, कोपऱ्यावर मातीचा एक ठसा नाही हे पाहतो आणि चहा घेताना सहज विचारतो, "अण्णा, अक्षर छान आहे हो. कितवीला आहे ताई?"

दुसऱ्या प्रकारची वही मोटरीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, सुतळीने बांधलेल्या पेनासकट. ती कळकट असते, एका पानावर तांबेऱ्या रंगाचा डाग असतो, अक्षर कुत्र्या-मांजराच्या पायांचं असतं, आणि ती खरी असते. ती लिहिणारा माणूस काही अधिक सज्जन नसतो. त्याने फक्त एक सांगड घातलेली असते: ब्लोअर धुऊन झाला, की चहा येईपर्यंत वही. 'यंदा नोंदी व्यवस्थित ठेवायच्या' हा संकल्प पाडव्याला दोघांनीही केलेला असतो. पण एकाच्या संकल्पाला वेळ आणि जागा मिळाली, दुसऱ्याचा गुढीबरोबर संध्याकाळी उतरला.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या गोष्टीवर बराच अभ्यास केला आहे. नुसतं 'मी हे करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम होण्याची शक्यता वाढते, असं त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांतून दिसलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक छोटी कृती निवडायला सांगून, म्हणजे जेवणाबरोबर फळ खाणं वगैरे, बारा आठवडे त्यांचा पाठपुरावा केला. ती कृती आपोआप व्हायला किती दिवस लागतात, याचा मधला आकडा ६६ निघाला. पण कुणाला १८ दिवस पुरतील तर कुणाला २५४ लागतील, एवढा फरक होता. मोबाइलवर सकाळच्या सूर्यफुलाबरोबर फिरणारा '२१ दिवसांत सवय' हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून सुटलेला आहे. त्यांचा मूळ विषय शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याशी जमवून घेण्याचा होता.

लॅलींच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली, ती गुरुजनांनी आपल्याला कधी सांगितली नाही. मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे मात्र एक दिवस चुकला की व्रत मोडलं असं धरून उद्यापन करून टाकायची पद्धत आहे. म्हणूनच एक जानेवारीला दिंडोरीच्या रस्त्यांवर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत ती पांगते. चार जानेवारीला थंडी जास्त होती, एवढंच निमित्त. खरं तर पाच तारखेला निघायला कुणाचीच हरकत नव्हती.

वाघाड धरणावरचे शेतकरी याबाबतीत अधिक व्यवहारी निघाले. त्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था स्वतः पाहतात आणि ते उदाहरण राज्यभर दिलं जातं. पाण्याच्या पाळीत आपला तास येतो, तेव्हा दारं धरायला हजर राहावं लागतं. तास चुकला तर पाणी पुढच्या शेतात जातं. त्यावर कुणी रडत बसत नाही आणि शेतीही सोडत नाही. पुढची पाळी कधी, एवढं विचारून घेतात.

आता या सगळ्याचा उपयोग करायचा तर तालुक्यातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत सन्माननीय चालढकलीवर करावा. ती म्हणजे वारसनोंद. गावागावांत असे सातबारे आहेत, ज्यांच्यावर कैलासवासी आजोबा अजून शेती करत आहेत. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, श्राद्ध दरवर्षी वेळेवर होतं, त्यांच्या नावाने मोतीचुराचे लाडू वाटले जातात, फक्त कागदावरून त्यांना कुणी निरोप देत नाही. पीककर्जाच्या वेळी, विक्रीच्या वेळी, पाइपलाइनच्या वेळी आजोबा मध्ये येतात आणि मग त्यांच्या पाच मुलांची सोळा नातवंडं एका तहसील कार्यालयात पहिल्यांदा एकत्र भेटतात. या कारणाने २०२५ साली महसूल खात्याला राज्यभर 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती खरं तर तीन महिन्यांत कळवायची असते.

'वारसनोंद' हे नाव घेतलं की अंगावर येतं, म्हणून नाव घेऊच नये. पहिल्या दिवशी फक्त मृत्यूचा दाखला शोधावा; नसेल तर ग्रामपंचायतीत मागणी करावी. दुसऱ्या दिवशी वारसांची नावं, वयं आणि पत्ते एका कागदावर लिहावेत. लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं त्यात आली पाहिजेत, त्या रुसल्या असल्या तरी. तिसऱ्या दिवशी चालू सातबारा आणि आठ-अ काढावा. चौथ्या दिवशी प्रतिज्ञापत्र. पाचव्या दिवशी तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज. त्यानंतर नोटीस निघते, हरकतींसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. मधला एखादा दिवस लग्नात गेला तर जाऊ द्यावा.

तेव्हा ज्यांच्या घरी असे आजोबा सातबाऱ्यावर बसून आहेत, त्यांनी आज दुपारचा चहा झाला की कपाटातली ती पिशवी काढावी आणि मृत्यूचा दाखला तेवढा वेगळा ठेवावा. आत्यांना फोन उद्या केला तरी चालेल.